आईला न दिसलेला देव

ज्या देवीला नवस बोलून मी झालो असं आई सांगायची, ती देवी तिने कधी पाहिलेली नव्हती. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. शेजारघरच्या करारी पण मायाळू बाईबद्दल बोलावं तशी ती देवीबद्दल बोलायची. आज देवी रागात हाय. आज तिला बरं वाटत असणार, वारा बघ कसा गार सुटलाय.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, कापडे गावाच्या बाजूला, डोंगराच्या उतरणीवर. भाताची खाचरं खाली, नाचणी-वरी वर डोंगराला. ओढ्याच्या पलीकडे दहा-बारा घरांचा आमचा महारवाडा. देवीचं देऊळ गावाच्या वरच्या अंगाला होतं. देवळासमोर पंधरा-वीस हातांवर एक सपाट कातळ होता आणि आमची हद्द त्या कातळाशी संपायची. आई तिथे नारळ आणि फुलं ठेवून मागे सरायची. गुरव यायचा, त्यांवर पाणी शिंपडायचा, नारळ आत न्यायचा आणि थोड्या वेळाने फोडलेल्या नारळाची एक कवड त्याच कातळावर आणून ठेवायचा. देवळाचं दार बुटकं होतं. कातळावरून पाहिलं तर आतला काळोख दिसायचा आणि त्या काळोखात समईचा एक ठिपका. बस्स.

"तिचे डोळे चांदीचे हायत," आई घरी परतताना सांगायची. "कपाळ मोठं. नाकात नथ. हसल्यासारखी दिसते, पण हसत नाय."

एकदा मी विचारलं, "आये, तू कधी बघितलीस तिला?"

"मी कशी बघनार? गुरवीन सांगते ना."

तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे मात्र त्या वाक्याने मला खूप छळलं. कारण आईने आयुष्यभर ज्या चेहऱ्यावर भरवसा ठेवला, तो दुसऱ्या बाईने ओढ्यावर कपडे धुताना, लांबून ओरडून तिला सांगितलेला होता.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पलटणीतून परतलेले. पहिल्या मोठ्या लढाईत ते इराकात बसऱ्याकडे होते. तिथून ताप घेऊन आले, थोडं वाचायला-लिहायला शिकून आले आणि देव मागे टाकून आले. मला त्यांनी हट्टाने शाळेत घातलं. पहिली दोन वर्षं मी शाळेच्या पडवीत बसून शिकलो. मास्तर खिडकीतून माझी पाटी बघायचे.

आबा देवाला शिव्या देत नसत. तो विषय निघाला की दमलेल्या माणसासारखे बोलत.

"तिकडं तंबूत लई मानसं पडली व्हती," ते आईला सांगत. "शीख त्याच्या गुरूला हाका मारायचा, मुसलमान अल्लाला, गोरा त्याच्या देवाला. मी तुझ्या देवीला मारल्या. कोन वाचला नि कोन गेला, ते औषधावर आनि नशिबावर व्हतं. हाकेवर नव्हतं."

"नशीब म्हंजे कोन?" आईने एकदा विचारलं.

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग विडी पेटवून अंगणात गेले.

या दोघांच्या मध्ये मी वाढलो. सतरा-अठराव्या वर्षापर्यंत मी मनाने आबांच्या बाजूला गेलो होतो. जे दिसत नाही, ज्याने कधी उत्तर दिलं नाही, त्याच्यापुढे वाकणं मला अडाणीपणाचं वाटायला लागलं होतं. आईवर माझी माया होती म्हणून मी बोलत नसे, एवढंच.

मग महाडला आमच्या लोकांची परिषद भरली. शिमग्याचे दिवस होते. गावात देवीची पालखी निघायची होती, जी ओढा ओलांडून आमच्याकडे कधी येत नसे, आणि आबांनी महाडला जायची तयारी केली. आई संतापली.

"पालखीच्या दिसांत घर सोडून जाताव? ती बगते सगळं."

"बगू दे की," आबा म्हणाले. "आपुन तिला बगू शकत नाय, ती आपल्याला बगते. बगू दे."

मी आणि आबा पहाटे निघालो आणि पोलादपूरवरून चालत महाड गाठलं. रस्त्यात ठिकठिकाणची माणसं भेटत गेली. कुणी भाकरी फडक्यात बांधून घेतलेल्या, कुणी पलटणीतला जुना कोट घातलेला. आबांनीही आपला कोट पेटीतून काढून घातला होता. उन्हात तो नकोसा होत होता, तरी त्यांनी तो अंगावरून उतरवला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे रांगेने चवदार तळ्यावर गेलो. त्या दिवसाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला आठवतं ते थोडं आहे. पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या. आबा खाली उतरले, दोन्ही हातांची ओंजळ केली, पाणी प्यायले आणि तसेच वाकलेले राहिले. मी पुढे होऊन त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांचा चेहरा ओला होता. ते म्हणाले, "तू पन पी." मी प्यायलो. पाणी वरून कोमट आणि आत गार होतं.

तिथून परतलो आणि दुपारी गावात आवई उठली की हे लोक आता देवळात शिरणार, देवाजवळ जाणार. आमच्यापैकी कुणाच्या मनात तसं काही नव्हतं. मंडपात लोक जेवत होते, काही बाजारात सामान घ्यायला गेले होते, काही गावाच्या वाटेला लागले होते. आबा आणि मी एका गल्लीत होतो. समोरून लाठ्या घेतलेले लोक आले. त्यांतला एक सारखा ओरडत होता, "देव बघायचाय काय? देव बघायचाय?" पहिली लाठी आबांच्या डाव्या कानामागे बसली, दुसरी बरगडीवर.

उलटा हात करायचा नाही असा पुढाऱ्यांचा निरोप आलेला होता. आबा धिप्पाड होते. बंदुकीपुढे उभा राहिलेला माणूस तो. त्यांनी दोन्ही मुठी आवळून मांड्यांना लावल्या आणि उभे राहिले. मी मधे पडलो तेव्हा माझ्या कोपराखाली लाठी बसली. आम्ही कसेबसे वळलो आणि दिसेल त्या बोळात धावलो. बोळाच्या टोकाला एक दार उघडलं. दारात एक म्हातारी मुसलमान बाई उभी होती.

"आत या," ती म्हणाली. "बोलू नका."

तिच्या मुलाने आमच्या मागे दार लावलं आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसला. बाहेर आरडाओरडा झाला, कुणीतरी त्याला विचारलं, तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. माणसं पुढे गेली.

त्या म्हातारीला घरातले बीबी म्हणत. आम्हीही तेच म्हणायला लागलो. आबांना उठता येत नव्हतं. श्वास घेतला की बरगडीत कळ यायची आणि डाव्या कानातून रक्त येत होतं. बीबीच्या मुलाने ओळखीच्या वैद्याला आणून लेप लावून घेतला. निदान चार-पाच दिवस हलवू नका, असं तो सांगून गेला. आमच्या वाटेच्या एका माणसाबरोबर मी गावी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत आई एकटी चालत महाडला येऊन पोचली.

ती दाराबाहेर उभी राहिली. आत यावं की नाही हे तिला कळेना.

"आमचं चालंल का?" तिने विचारलं.

"तुझा मालक माझ्या खाटेवर पडलाय," बीबी म्हणाली. "आता तू भायेर काय करतीस?"

आबांची अवस्था पाहून आई रडली, आणि रडता रडता म्हणाली, "मी सांगितलं व्हतं. देवाच्या वाटंला गेलात."

"देवाच्या वाटंला नाय गो," आबा डोळे मिटून म्हणाले. "पान्याच्या वाटंला गेलो व्हतो."

आम्ही त्या घरात सहा दिवस राहिलो. आई तिथे भांडी घासायची, अंगण झाडायची, आबांना पेज भरवायची. पहिल्या दिवशी ती चुलीजवळ गेली नाही. दुसऱ्या दिवशी बीबीनेच तिच्या हातात पीठ दिलं.

तिसऱ्या दिवशीची दुपार मला स्वच्छ आठवते. मी पडवीत हाताला फडकं बांधून बसलो होतो. आई तांदूळ निवडत होती. बीबीने आतल्या खोलीत चटई पसरली आणि नमाज पढायला लागली. दार अर्धं उघडं होतं. आई तांदूळ निवडायचं विसरून बघत राहिली. बीबीला गुडघ्याचा त्रास होता. ती हळूहळू वाकायची आणि उठताना जमिनीला हात टेकायची. नमाज झाल्यावर ती बाहेर येऊन आईजवळ बसली.

"बीबी," आईने विचारलं, "तुमी कुनापुढं वाकलात? म्होरं तर भिंत हाय."

"अल्लापुढं."

"तो त्या भिंतीपलीकडं असतो?"

"तिकडं मक्का हाय. पन तो तिथंच बसलाय असं नाय. सगळीकडं हाय."

"दिसतो कसा?"

"दिसत नाय."

आईने मान हलवली. हे तिला ओळखीचं वाटलं. "तुमाला दिसत नसंल," ती समजुतीच्या स्वरात म्हणाली. "आत सोडत नसतील. तुमच्या काजीला दिसत असंल."

"काजीला पन नाय."

"मोठ्या मानसांना? नवाबाला?"

"कुनाला म्हंजे कुनालाच नाय गो," बीबी म्हणाली. "तो दिसायचा नसतोच."

आईचे हात तांदळात तसेच राहिले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिला धक्का बसला होता. देव न दिसणं म्हणजे आपल्याला मागे उभं केलेलं असणं, एवढंच तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला तरी तो दिसतोच, त्याचे डोळे, त्याची नथ दिसते, आणि आपल्या वाट्याला त्याची बातमी येते. जो एकजात कुणालाच दिसत नाही असाही देव लोक मानतात, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"कुनालाच नाय," ती स्वतःशी म्हणाली. मग, "मंग तुमी मानता कसं?"

"रोज मानता येतंच असं नाय," बीबी म्हणाली. "माझी तीन पोरं एका साथीत गेली. मंग वर्सभर मी नमाज पढले नाय. घरातल्यांनी सांगून बघितलं, काजी येऊन गेला. मी नाय म्हटलं. मंग एक दिवस उठले आनि पढले. का पढले ते मला सांगता येत नाय. पन तेव्हा ते खोटं वाटलं नाय."

खाटेवरून आबांनी हे ऐकलं असणार. ते जागे होते. एरवी त्यांनी बसऱ्याच्या तंबूची गोष्ट काढली असती. त्या दिवशी त्यांनी फक्त पाणी मागितलं.

आम्ही गावी परतलो. आबांचा डावा कान कायमचा गेला आणि पावसाळ्यात बरगडी दुखायची ती दुखायचीच. काही दिवसांनी महाडची बातमी आली की तळं बाटलं म्हणून त्याचं शुद्धीकरण केलं, शेण-गोमूत्राच्या घागरी त्यात ओतल्या. आई तेव्हा गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होती. तिने पाटी खाली ठेवली आणि आपले हात उलटेपालटे करून पाहिले.

"आमच्या हातानं बाटलं आनि शेनानं शुद्ध झालं," ती म्हणाली. "शेन तर ह्याच हातानं गोळा करतो आमी."

पण कातळावर नारळ ठेवणं तिने सोडलं नाही. मला त्याचा राग यायचा. आबांना एवढं लागलं, एवढा अपमान झाला, आणि ही अजून वीस हात लांब उभी राहून हात जोडते. मी तिला तसं म्हणालोसुद्धा.

"ज्यांनी मारलं ती मानसं व्हती," ती म्हणाली. "तिनं कुठं मारलं?"

"तिनं अडवलं पण नाही," मी म्हणालो.

"व्हय," आई म्हणाली. "ते मी तिला इचारते. रोज इचारते."

पुढे मी सातवीची फायनल परीक्षा पास झालो आणि लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. शाळा गावापासून दोन तासांच्या वाटेवर होती. शनिवारी दुपारी मी घरी यायचो. मधली काही वर्षं अशीच गेली. एका उन्हाळ्यात देवळाचं छप्पर उतरवलं. वासे कुजले होते, कौलं बदलायची होती. एरवी लाकूड-कौलं कातळापर्यंत वाहायचा बोजा आमच्या लोकांवर पडला असता, पण तोवर महारवाड्याने फुकटची कामं बंद केली होती, त्यामुळे गावकरी स्वतःच खपत होते.

त्या शनिवारी मी घरी आलो तर आई उंबऱ्यात बसलेली. गवताचा भारा अंगणात तसाच टाकलेला. आबांनी सांगितलं की दोन दिवस ती धड जेवलेली नाही, बोललेली नाही. मी जवळ बसलो. तेव्हा ती बोलली.

ती डोंगरावरून गवत घेऊन उतरत होती. ती वाट देवळाच्या वरच्या बाजूने येते. एरवी तिथून कौलंच दिसतात. त्या दिवशी कौलं नव्हती, वासेही नव्हते. दुपारचं ऊन सरळ आत पडलेलं होतं आणि माणसं जेवायला घरी गेलेली.

"मला बगायचं नव्हतं," आई म्हणाली. "नजर गेली."

"काय पाहिलंस?"

"मुखवटा बाजूला पाटावर काढून ठेवला व्हता. गुरवीन सांगायची तोच. डोळे चांदीचे, नथ हाय, सगळं हाय. आनि जागेवर नुसता धोंडा. शेंदूर लावलेला. माझ्या गुडघ्याएवढा बी नाय. त्याला ना डोळे, ना कपाळ."

मी आबांकडे पाहिलं. किती वर्षं ते हेच सांगत आले होते. आता ते काहीतरी बोलतील, निदान हसतील, असं मला वाटलं. ते उठले, आत गेले, ताटलीत भाकरी आणि कालवण घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवलं. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी आईला वाढून दिलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं.

"जेव गो," ते म्हणाले.

आईने एक घास खाल्ला. मग म्हणाली, "आजवर मला वाटायचं, त्यांना दिसते आनि मला दिसत नाय. त्यांना बी दिसत नाय. त्यांनी बी मुखवटाच बगितलाय."

"मंग आता?" आबांनी विचारलं.

"आता काय? सगळी सारखीच." मग तिने म्हटलं, "बीबी सांगत व्हती तसं."

त्यानंतर ती कातळाकडे गेली नाही. आबांना वाटलं, सुटली. मलाही वाटलं. पण ती रोज सकाळी उंबऱ्यात उभी राहून समोरच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडायची. पूर्वी जोडायची तसेच.

आणखी काही वर्षांनी आमच्या लोकांत ठरलं की ज्या धर्माने आपल्याला माणसांत धरलं नाही त्याचे देव घरात ठेवायचे नाहीत. गावोगाव सभा झाल्या. आमच्या वस्तीतही झाली आणि तीत मी बोललो. घराघरांतून देव्हाऱ्यातले टाक, मूर्ती, तसबिरी बाहेर निघाल्या. काही बाया रडल्या. आईने आपल्या सासूकडून आलेले टाक फडक्यात बांधले आणि पोलादपुराखाली सावित्रीच्या डोहात स्वतःच्या हाताने सोडले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा उंबऱ्यात हात जोडून उभी.

मी सभेत बोललेला माणूस. मला ते सहन झालं नाही.

"आता तिकडे काय आहे, आये? कुणाला हात जोडतेस?"

"ठावं नाय."

"ठाऊक नाही त्याला हात जोडायचे, हे शहाणपणाचं आहे का?"

तिने हात खाली घेतले आणि माझ्याकडे वळली. "तू पोरांना शिकवतोस ना, पृथ्वी गोल हाय म्हनून? तू बगितलीस?"

"मी नाही पाहिली. पण ज्यांनी ते शोधून काढलं, त्यांनी ते कसं काढलं ते लिहून ठेवलंय. मी शिकलो तर मलाही पडताळता येतं. तू शिकलीस तर तुलाही. तिथे कुणी कातळ घालून ठेवलेला नाही, की तू इथंच थांब आणि आम्ही सांगतो त्यावर विश्वास ठेव."

मला माझं उत्तर चांगलं वाटलं. आजही वाटतं. ज्याला कुणालाही येऊन पडताळता येतं त्यावर न पाहताही भरवसा ठेवावा. ज्याच्या दारात पहारा बसवलेला असतो त्यावर ठेवू नये. एवढा नियम मी स्वतःसाठी त्या दिवशी करून घेतला.

आईने तो नीट ऐकला. मग विचारलं, "आनि एखादा देव तसा असंल तर? दारात पहारा नसलेला?"

"असेल तर तो सापडला पाहिजे कुणाला तरी."

"मी शोधते तेच," ती म्हणाली. "तुला घाई हाय. मला नाय."

माझ्याकडे उत्तरं होती. शोधायला हात जोडावे लागत नाहीत, असं म्हणता आलं असतं. तिच्याकडे बघितलं आणि म्हणावंसं वाटलं नाही.

त्याच्या पुढच्या थंडीत आबा गेले. छातीत कफ भरला होता आणि जुन्या बरगडीमुळे त्यांना खोकताही येत नव्हतं. शेवटचे तीन दिवस मी रजा घेऊन घरीच होतो. शुद्ध होती तोवर त्यांनी आईला जवळ बोलावलं. चांगला कान तिच्याकडे केला, तिचं ऐकायचं असावं म्हणून, पण बोलले तेच.

"माझ्यासाठी कुनाला हाका मारू नको," ते म्हणाले. "बसऱ्यापासनं मी देवाकडं कधी काय मागितलं नाय. तू बी मागू नको."

"नाय मागत," आई म्हणाली.

वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने अखेरच्या वेळी त्यांच्या कानात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आईने त्याला हाताला धरून बाहेर नेऊन बसवलं. मग परत येऊन आबांचे पाय मांडीवर घेऊन बसली. दुपार टळायच्या सुमाराला ते गेले. तिच्या ओठांकडे मी पाहत होतो. ते हलले नाहीत.

सगळं आटोपल्यावर, चार दिवसांनी, मी तिला विचारलं, "तेव्हा मनात काही म्हणालीस का, आये?"

"मनात बी नाय. शब्द दिला व्हता त्यांना."

"जड गेलं असेल."

"लई," ती म्हणाली. "सवय व्हती ना."

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ देवभक्त पाहिले आणि देव न मानणारेही पुष्कळ पाहिले. दोन्हीकडे मोठमोठ्याने बोलणारे होते. नवऱ्याचा अविश्वास त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत जपणारी ही एकच बाई मला भेटली. तिचा देव असला तर त्याने तिला त्या दिवशी दोष दिला नसेल. नसला, तर आबांना तिने जे दिलं त्याला देवाची गरजच नव्हती. यापलीकडे मला त्या प्रश्नाचा निकाल लावता आलेला नाही. डोळ्यांनी न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवणारा माणूस मूर्ख असतो, असं मात्र मी त्यानंतर शाळेत किंवा सभेत कधी म्हणालो नाही. माझा स्वतःचा विश्वास परत आला नाही. आणावा म्हणून मी प्रयत्नही केला नाही. आणला असता तर तो उसना झाला असता.

शाळेवर परत जायच्या दिवशी मी सकाळी उठलो तर आई उंबऱ्यात उभी होती. हात मोकळे, दोन्ही बाजूंना सोडलेले. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"आज काय म्हणतेस त्याला?" मी विचारलं. माझ्या विचारण्यात चेष्टा नव्हती, आणि तिला ते कळलं.

"आज काय म्हनायचं नाय," ती म्हणाली. "नुसती उभी हाय."

मीही उभा राहिलो. धुकं खाचरांवरून वर सरकत होतं. खालच्या वस्तीत कुणाचं तरी जातं सुरू झालं. मी हात जोडले नाहीत, आणि तिनेही जोड म्हणून सांगितलं नाही. ऊन अंगणात आलं तशी ती वळली.

"चल," ती म्हणाली, "शेळ्या सोडायच्या हायत. तुझी भाकरी बांधून ठेवलीय, ती इसरू नको."